परत यायचंच आहे, मग तिथलं पेन्शन कशाला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, माहेर कोथरूडचं. हिंजवडीत आयटीत आठ वर्षं काढल्यावर नवरा आणि चार वर्षांच्या मुलासह इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या. आता तिथेच नोकरी बदलली आहे, पगार वर्षाला ४२,००० पौंड. नव्या कंपनीच्या एचआरने पेन्शनबद्दल महिन्याभरात निर्णय मागितला आहे. पगाराच्या ५ टक्के टाकलेत तर कंपनी ५ टाकेल, ८ टाकलेत तर कंपनीही ८ टाकेल, आणि नकोच असेल तर बाहेर पडता येईल. नवऱ्याचं म्हणणं असं की पाच वर्षांत पुण्याला परतायचंच आहे आणि म्हाळुंग्याच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर आहे, तेव्हा पेन्शन नाकारावं आणि ते पैसे कर्जात भरावेत. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. खासगी कंपनीचं पेन्शन हे पेन्शनच नव्हे, असं त्यांचं मत. मेलबर्नहून परतलेल्या मावसभावाला तिथला फंड परत मिळाला, तसा लीड्स सोडताना आपल्याला मिळेल का, हाही प्रश्न आहे. पत्राचं शेवटचं वाक्य : ‘सगळेच बरोबर बोलतात असं वाटतं. मी काय करू?’

उत्तर :

सगळे बरोबरच बोलताहेत, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींविषयी बोलताहेत. वडील खडकीच्या पेन्शनविषयी, मावसभाऊ ऑस्ट्रेलियातल्या सुपरविषयी, म्हणजे तिथल्या निवृत्तीच्या फंडाविषयी, आणि नवरा म्हाळुंग्याच्या हप्त्याविषयी. लीड्सच्या एचआरने जे विचारलंय, त्याविषयी घरात अजून कुणी बोललेलंच दिसत नाही. तिथूनच सुरुवात करू.

माझं मत आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळत वाचावं लागणार नाही. बाहेर पडू नका. हातात सहा महिन्यांच्या खर्चाची सोय असेल तर ८ टक्के घ्या, नसेल तर सध्या ५ घ्या आणि सोय झाली की ८ करा. आता कारणं.

हिंजवडीत तुमच्या मूळ पगाराचे १२ टक्के दर महिन्याला पीएफमध्ये जात होते, कंपनीही तेवढेच घालत होती. तेव्हा घरात कुणी बैठक घेतली होती का? नसणारच, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कापले जातात ते कापले जातात. इंग्लंडमध्ये विचारतात, पर्याय देतात, ‘नको असेल तर इथे क्लिक करा’ म्हणतात. आणि आपल्याला पर्याय दिला की आधी शंका येते, की यात काहीतरी गोम असणार! गोम एवढीच आहे की २०१२ पासून तिथे कायद्यानेच हे सुरू झालं. वय २२ च्या वर आणि पगार वर्षाला १०,००० पौंडांच्या वर असेल तर कंपनीला तुम्हाला आपोआप पेन्शनमध्ये घ्यावंच लागतं. पगाराच्या ६,२४० ते ५०,२७० पौंड या पट्ट्यावर एकूण किमान ८ टक्के जमा व्हायला हवेत आणि त्यातले निदान ३ कंपनीचे. तुमची कंपनी पूर्ण पगारावर आणि ८ टक्क्यांपर्यंत जोडीने घालायला तयार आहे. म्हणजे कायद्याने सांगितलंय त्याच्या कितीतरी पुढे.

तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकात ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ असं लिहिलंय. नाव भयंकर आहे, पण सोय चांगली आहे. तुमचा हिस्सा पगार हातात पडायच्या आधीच फंडात जातो, त्यामुळे त्यावर २० टक्के आयकर लागत नाही आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्सही, म्हणजे तिथली सरकारी पेन्शनसाठीची सक्तीची वर्गणी, कापला जात नाही. हिशेब मांडून बघा. ८ टक्के म्हणजे महिन्याला २८० पौंड. पण हातात येणारा पगार २८० ने कमी होत नाही, २०२ च्या आसपास कमी होतो. फंडात मात्र कंपनीचे धरून ५६० जमा होतात. ५ टक्क्यांना हेच आकडे १२६ आणि ३५० असे येतात. म्हणजे ५ वरून ८ वर जायला तुमच्या खिशातून महिन्याला साधारण ७६ पौंड जास्त जातात आणि फंडात २१० जास्त पडतात. नवऱ्याला हे चार आकडे कागदावर लिहून दाखवा, बाकी काही बोलू नका.

(एप्रिल २०२९ पासून ही नॅशनल इन्शुरन्सची सवलत वर्षाला फक्त पहिल्या २,००० पौंडांपुरती राहणार आहे. तुमचे वर्षाचे ३,३६० होतात, म्हणजे वरच्या १,३६० वर ८ टक्के लागतील. महिन्याला नऊ पौंडांचा फरक. त्यासाठी आज निर्णय बदलायचं कारण नाही.)

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे. तो मला मुळीच फालतू वाटत नाही. हप्ता चुकला तर बँक लीड्सपर्यंत येणार नाही, पण कोथरूडला नक्की येईल. पेन्शन नाकारून दर महिन्याला वाचणारे २०२ पौंड, म्हणजे वीस हजारांच्या वर रुपये, कर्जात जास्तीचे भरले तर व्याज खरंच वाचतं, आणि ती बचत पक्की असते, बाजारावर अवलंबून नसते. पण गृहकर्जाचा दर आठ टक्क्यांच्या आसपास धरा आणि स्वतःला विचारा, आठ टक्क्यांनी २०२ चे ५६० व्हायला किती वर्षं लागतील? तेरा. इथे ते पगाराच्या दिवशीच होतात. पुढे पैसे काढताना त्यावर कर लागेल हे धरलं, बाजाराची चढउतार धरली, तरी पहिल्या दिवशीची ही आघाडी भरून काढणं कर्जफेडीला जड जाईल.

मग नवऱ्याचं बरोबर कधी ठरेल? क्रेडिट कार्डाचं किंवा वैयक्तिक कर्जाचं ओझं असेल तेव्हा. हप्ता भरल्यावर महिनाअखेरीस खातं रिकामं होत असेल तेव्हा. आणि पुण्यात कुणाला दवाखान्यात ठेवलं तर तिघांची विमानाची तिकिटं काढण्याइतकेही पैसे बाजूला नसतील तेव्हा. पेन्शनचे पैसे अशा वेळी उपयोगाला येत नाहीत. म्हणून वर सहा महिन्यांच्या सोयीचं म्हटलं. त्या सहा महिन्यांच्या खर्चात लीड्सचं भाडं आणि म्हाळुंग्याचा हप्ता दोन्ही धरा, अनेकजण दुसरा विसरतात.

पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, ती विचारते. तो फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? हप्ता तुमच्या पगारातून जातो हे लिहिलंय. नवरा घरून थोडंफार काम करतो आणि मुलाकडे बघतो हेही आहे. करारनाम्यावर दोघांची नावं असतील तर उत्तमच. फक्त त्याचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव असेल, तर कसलाही संशय न घेता एवढं लक्षात घ्या की तुमच्या कमाईतून उभं राहणारं आणि फक्त तुमच्या नावावरचं असं सध्या हे पेन्शनच आहे. ते नाकारून पैसे फ्लॅटकडे वळवायचे असतील तर आधी इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, आपलं नाव आहे का ते बघावं. मला येणाऱ्या पत्रांत हा तपशील बायका फार वेळा गाळतात. विचारलं तर म्हणतात, तसं काही नाही हो आमच्यात. नसेलच. पण कागद कागदाच्या जागी.

दुसऱ्या बाजूने नवऱ्याचाही विचार करा. त्याला तिथे पगार नाही म्हणजे पेन्शनही नाही. मात्र तिथे राहणाऱ्या, पगार नसलेल्या माणसालाही स्वतःचं खासगी पेन्शन खातं काढता येतं. वर्षाला २,८८० पौंडांपर्यंत भरले तर सरकार त्यात करसवलत घालून ३,६०० करतं. आज जमणार नाही, पण माहीत असावं.

वडिलांकडे येऊ. त्यांना पेन्शन म्हणजे काय हे चांगलंच ठाऊक आहे : शेवटच्या पगारावर ठरलेली रक्कम, त्यावर महागाई भत्ता, नोव्हेंबरात हयातीचा दाखला आणि त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन. त्या अर्थाने तुमचं हे पेन्शन नव्हेच, वडील शंभर टक्के बरोबर आहेत. कंपनी तुम्हाला म्हातारपणी दरमहा अमुक देऊ असं काहीही सांगत नाही. तुमच्या नावाने एक फंड साठतो, तो शेअर-बाँडमध्ये गुंतवला जातो, वर जातो, खाली येतो, आणि शेवटी जे असेल ते तुमचं. आपल्याकडच्या एनपीएसच्या जवळचं आहे हे. वडिलांची खरी भीती वेगळी असणार : कंपनी बुडाली तर? त्यांना सांगा की हा पैसा कंपनीच्या खात्यात राहत नाही, विश्वस्तांकडे किंवा विमा कंपनीकडे वेगळा असतो आणि कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांना त्याला हात लावता येत नाही. पहिले ३० दिवस गेले की तुमच्या प्रकारच्या फंडात कंपनीने घातलेला हिस्साही तुमचाच होतो, उद्या नोकरी सोडलीत तरी. व्हिसा संपला तरी फंड संपत नाही.

मावसभावाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, कारण त्यावर विसंबून फसायला होईल. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर असलेला माणूस देश सोडून गेला आणि व्हिसा संपला, की सुपरचे पैसे मागून घेऊ शकतो. त्यातून घसघशीत कर कापला जातो, बहुतेकांच्या बाबतीत ३५ टक्के, पण बाकीचे मिळतात. ब्रिटनमध्ये अशी सोय नाही. आत घेतल्यापासून महिन्याभरात बाहेर पडलात तर तुमचा हिस्सा परत, कंपनीचा गेला. महिना उलटला की पुढचे हप्ते थांबवता येतात, पण साठलेलं तिथेच राहतं. सध्या ते ५५ व्या वर्षी काढता येतं. ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होणार आहे. म्हणजे तुमच्यासाठी आजपासून तेवीस वर्षं. हे तुम्हाला मान्य नसेल तर आत्ताच बाहेर पडा, पाच वर्षांनी हिथ्रोच्या रांगेत उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

तुम्ही पत्रात ‘अडकतात’ हा शब्द चार वेळा वापरलाय. मान्य, अडकतात. पण आयटीतल्या किती मुलामुलींनी प्रत्येक नोकरी बदलताना पीएफ काढून गाडी घेतली, लग्नात लावला, गोव्याला उडवला, ते तुम्ही हिंजवडीत पाहिलं असेलच. त्यांचे पैसे कुठेच अडकले नाहीत. पैसे अडकणं वाईट की नाही हे वयावर अवलंबून असतं. चौतिसाव्या वर्षी वाईट वाटतं, सत्तावन्नाव्या वर्षी कुणी तक्रार करताना मी ऐकलेलं नाही.

या अडकण्याच्या भीतीवरच काही लोक धंदा करतात, म्हणून सावध करते. ‘तुमचं ब्रिटिश पेन्शन आत्ताच भारतात आणून देतो, थोडी फी पडेल’ असे फोन आणि मेसेज परतलेल्या लोकांना येतात. ब्रिटनच्या कर खात्याच्या यादीत असलेल्या परदेशी योजनेतच पेन्शन नियमानुसार हलवता येतं, आणि ही यादी दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला नव्याने निघते. यादीबाहेरच्या ठिकाणी हलवलं किंवा वयाआधी काढून घेतलं तर ५५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि तो तुमच्याकडून वसूल होतो. फी घेणारा तोवर फोन उचलत नसतो. आपल्या ईपीएफमध्ये तर ते आणताच येत नाही. असा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा.

सरकारी पेन्शनचंही दोन वाक्यांत सांगते, कारण वडील नक्की विचारतील. तुमच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो त्यावर तिथलं सरकारी पेन्शन ठरतं, तिथे तुम्हाला निवड नाही. किमान १० वर्षं भरली तर काहीतरी मिळतं, ३५ भरली तर पूर्ण, म्हणजे २०२६-२७ सालच्या दराने आठवड्याला २४१.३० पौंड. पाच-सहा वर्षांत परतलात तर शून्य, आणि कापलेले पैसे परत मिळत नाहीत. ‘परतल्यावर भारतातून थोडेसे पैसे भरून दहा वर्षं पूर्ण करा’ हा सल्ला व्हॉट्सॲपवर अजून फिरतोय, तो शिळा झालाय. एप्रिल २०२६ पासून परदेशातून स्वस्तात भरण्याचा मार्ग बंद झाला आणि उरलेल्या मार्गासाठी आधी तिथे दहा वर्षांचं वास्तव्य किंवा भरणा लागतो. शिवाय भारतात राहणाऱ्याचं हे पेन्शन पहिल्या दिवशी असतं तेवढंच राहतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. महागाई भत्त्याची सवय असलेल्या तुमच्या वडिलांना हे ऐकून धक्का बसेल. यातून माझ्या मते उलटच अर्थ निघतो. सरकारी पेन्शन हाती लागेलच याची खात्री नाही, तर कंपनीचं तरी सोडू नये.

आता त्या ‘पाच वर्षांत परतायचंच आहे’ या वाक्याविषयी. मी ते खोडून काढत नाही. परतणारे परततात. बाणेर-बालेवाडीत अशी कितीतरी कुटुंबं आहेत, मुलांच्या शाळेसाठी, आईवडिलांसाठी आलेली. पण तुमच्या पत्रात पाच वर्षांनंतरच्या योजनेत फक्त फ्लॅट आहे. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा असेल, त्याच्या शाळेचा उल्लेख नाही. तुम्ही पुण्यात काय काम कराल, नाही. म्हणजे ही अजून इच्छा आहे, आणि इच्छा असायला काहीच हरकत नाही, फक्त तिच्या भरवशावर आजचे पैसे सोडू नयेत. आणि या पेन्शनचं बरं असं आहे की तुम्ही परतलात काय, राहिलात काय, त्याला फरक पडत नाही. परतलात तर पाच वर्षांचा फंड तिथे वाढत राहील, राहिलात तर त्यात भर पडत जाईल. परतायचं की नाही यावर तुमचं आणि नवऱ्याचं भांडण व्हायचं असेल तर ते होऊ द्या. एचआरच्या ईमेलला त्यात ओढू नका.

परतल्यावरच्या कराविषयी थोडं, कारण इथे लोक घाबरून चुका करतात. भारतात रहिवासी झाल्यावर असं खासगी पेन्शन घेतलंत तर भारत-ब्रिटन करारानुसार त्यावर कर भारतात लागतो. त्यासाठी तिथल्या कर खात्याकडे, आपण भारताचे करदाते आहोत असा आयकर खात्याचा शिक्का घेऊन अर्ज करावा लागतो, नाहीतर तिथेही कापतात. ब्रिटनमध्ये २५ टक्के रक्कम करमुक्त काढता येते, पण भारतात तिला तशीच सूट मिळेल असं गृहीत धरून आकडेमोड करू नका. फंड दरवर्षी वाढतो त्यावर काढण्याआधीच भारतात कर लागू नये म्हणून २०२१ च्या वित्त कायद्याने ८९ए हे कलम आणलं, आणि त्यासाठीच्या देशांच्या यादीत अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन आहेत. पण ही सवलत आपोआप मिळत नाही, विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म भरून मागावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे आकडे बदललेत, तरी सीएला ‘जुनं ८९ए’ म्हटलं की कळतं. न कळणारा सीए असेल तर दुसरा शोधा. आणि पूर्ण रहिवासी झाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, त्यात हे पेन्शन दाखवायचं. लपवण्यासारखं काही नसताना लोक तो तक्ता रिकामा सोडतात आणि काळा पैसा कायद्याखालच्या १० लाख रुपयांच्या दंडाला आमंत्रण देतात.

फंड कुठला निवडायचा, असं तुम्ही विचारलंत. कंपनीने आधीच निवडून ठेवलेला, ‘डिफॉल्ट’ फंड असतो. त्याच्या खर्चावर वर्षाला ०.७५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे आणि बहुतेकांना तो पुरतो. फक्त एक जागा तपासा : पोर्टलवर ‘निवृत्तीचं वय’ असा रकाना असतो. तो फंड त्या वयाच्या काही वर्षं आधीपासून शेअरमधून बाँडकडे सरकू लागतो. ‘आपण लवकरच निवृत्त होणार’ अशा उत्साहात तिथे ५७ टाकलंत, तर पैसा दहा वर्षं आधीच सावध होईल. निश्चित ठरलं नसेल तर आहे तेच वय राहू द्या. आणि दर आठवड्याला फंड उघडून बघत बसू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, पुरे.

खरी पडझड बहुतेकदा बाजारामुळे होत नाही, पत्त्यांमुळे होते. लोक कंपनीचा ईमेल लॉगिन म्हणून ठेवतात आणि नोकरी सोडली की तो बंद. मग तिथला मोबाइल नंबर ठेवतात, पुण्याला आल्यावर तोही बंद आणि ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाला. कायमचा पत्ता म्हणून कोथरूडचा देतात, तर ती सोसायटी पुनर्विकासाला जाते आणि पत्रं बंद गेटवर पोचतात. म्हणून लॉगिनला स्वतःचा खासगी ईमेल ठेवा. पॉलिसी नंबर, कंपनीचं नाव, पोर्टलचं नाव हे सगळं एका कागदावर लिहून त्याची एक प्रत वडिलांकडे ठेवा. सरकारी माणसाकडे कागद सुरक्षित राहतो, हा माझा अनुभव आहे. आधीच्या नोकरीतही एक छोटा फंड नक्की असेल. त्याचे कागद सापडत नसतील तर ब्रिटिश सरकारची पेन्शन शोधून देणारी सेवा फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि नॉमिनी. लग्नाआधी हिंजवडीत रुजू झाला असाल तर तुमच्या ईपीएफला आजही आईचं नाव असण्याची दाट शक्यता आहे. तिथलं आणि इथलं, दोन्ही तपासा. एप्रिल २०२७ पासून ब्रिटनमध्ये माणसामागे उरलेला पेन्शन फंड वारसा कराच्या हिशेबात धरला जाणार आहे. जोडीदाराला जाणाऱ्या रकमेला सर्वसाधारणपणे सूट असते, तरीही नाव भरलेलं बरं.

ईपीएफचा विषय निघालाच आहे तर, तो घाईने काढू नका. ५८ व्या वर्षापर्यंत त्यावर व्याज मिळत राहतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के होतं). नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो विवरणपत्रात दाखवा. त्याच्याबरोबरच्या ईपीएस या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला पात्र व्हायला १० वर्षं लागतात आणि तुमची ८ झाली आहेत. ती रक्कम काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या. परत येऊन दोन वर्षं पीएफवाली नोकरी केलीत तरी आधीची आठ वर्षं मोजली जातील. वडील ज्याला पेन्शन म्हणतात ते, लहानसं का होईना, तुम्हालाही मिळेल.

तुमच्यासारखीच पत्रं दुसऱ्या देशांतूनही येतात, त्यांना थोडक्यात. अमेरिकेतल्यांनी ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात कंपनी जिथपर्यंत जोडीने घालते तिथपर्यंत तरी घालावं, पण कंपनीचा हिस्सा किती वर्षांनी पक्का होतो ते आधी वाचावं. ५९ वर्षं ६ महिन्यांआधी काढलं तर करावर १० टक्के दंड बसतो. दुबईत असं पेन्शन बहुतेकांना नसतं, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी बघावं, कारण भत्ते त्यात धरले जात नाहीत. एनआरआयला भारतातल्या एनपीएसमध्येही पैसे घालता येतात, तेव्हा दुबईकरांनी तो मार्ग जरूर बघावा. आणि ज्यांना पुण्याच्या कंपनीने थोड्या काळासाठी ब्रिटनला पाठवलंय, त्यांनी २०२५ च्या व्यापार कराराबरोबर ठरलेल्या दुहेरी वर्गणी टाळण्याच्या कराराची चौकशी एचआरकडे करावी. ठरावीक काळापर्यंत एकाच देशात सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरण्याची सोय त्यात आहे. तुम्ही तिथल्या कंपनीत थेट नोकरीला असल्याने तुम्हाला ते लागू नाही.

एचआरला उत्तर पाठवताना एवढंच विचारा : ८ टक्के निवडले तर पुढे कधी कमी-जास्त करता येतील? बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा तरी करू देतात, काही दर महिन्याला. ते उत्तर लेखी घ्या. नवऱ्याची निम्मी भीती तिथेच कमी होईल, कारण हप्त्याची ओढाताण झालीच तर ८ वरून ५ वर येता येईल, हे त्याला दिसेल. उरलेल्या निम्म्यासाठी म्हाळुंग्याच्या कर्जाचं परतफेडीचं वेळापत्रक बँकेकडून मागवा आणि दोघांनी शनिवारी बसून वाचा. व्याज सुरुवातीच्या वर्षांतच जास्त जातं. वर्षातून एकदा बोनस आला की त्यातला भाग मुद्दलात भरायचा, एवढं जरी ठरवलंत तरी त्याचं म्हणणं राहील आणि तुमचे ८ टक्केही.